राजीखुशीने व अक्कलहुशारीने

पेणच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असो की रोह्याच्या, खरेदीखत असो की गहाणखत, मृत्युपत्र असो की साधे मुखत्यारपत्र, दस्तलेखकाच्या हाताखालून जो कागद बाहेर पडतो त्याच्या अखेरीस एक ठरीव वाक्य हटकून येते: हा दस्तऐवज मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिला असे. लिहून देणाऱ्याने ते बहुधा वाचलेले नसते, लिहून घेणाऱ्याचे लक्ष रकमेच्या आकड्याकडे असते, आणि दस्तलेखकाच्या तर ते इतके अंगवळणी पडलेले असते की त्याच्या मनाआधी त्याची लेखणीच ते उमटवून मोकळी होते. त्याखाली लिहिता येणाऱ्याची ‘दस्तुर खुद्द’ आणि न येणाऱ्याची ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ पडली की माणूस कायद्याच्या दृष्टीने बांधला जातो.

या पुस्तकात आतापर्यंत मानसशास्त्राने माणसाविषयी काय काय शोधून काढले ते आपण पाहिले. ते कोणाला विचारून शोधले, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि त्याचा आरंभ या झिजलेल्या वाक्यापासून करण्यास कारण असे, की १९४७ च्या ऑगस्टमध्ये नुरेंबर्ग येथील न्यायासनाने, छळछावण्यांतील कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना जी दहा कलमे नमूद केली, त्यांपैकी पहिल्या कलमाचा आशय आपल्या दस्तलेखकाच्या वाक्याहून फारसा निराळा नाही. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेची संमती हवी, म्हणजे राजीखुशी. संमती देण्याची त्याची पात्रता हवी आणि काय होणार आहे त्याची त्याला पुरती उमज हवी, म्हणजे अक्कलहुशारी. आणि बळजबरी, फसवणूक वा धाकदपटशा यांचा मागमूस नको, म्हणजे दडपण नको. दस्तलेखकाच्या वाक्यात एवढे सगळे आहे. फक्त ते खरे असले पाहिजे, हे त्यात लिहिलेले नाही.

‘राजी’ या शब्दाचे दैव आपल्या भाषेत मोठे चमत्कारिक आहे. राजीनामा म्हणजे व्युत्पत्तीने राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. परंतु जमीन महसुलाच्या दप्तरात, कब्जेदाराने आपली जमीन सोडून देताना जो कागद लिहून द्यावयाचा त्याला राजीनामा म्हणत आणि त्याच जमिनीचा नवा धनी जी लिहून देई तिला कबुलायत. अशा रीतीने राजी असण्याचा कागद हा हळूहळू हक्क सोडण्याचा कागद बनला. आज राजीनामा म्हटले की रोहेकरांना चिंतामणराव देशमुखच आठवावयाचे, ज्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. तो राजीनामा खरोखर नाराजीनामा होता. पण ज्याला सोडण्यासाठी मंत्रिपद नसते, सातबारावर नाव नसते, राहत्या झोपडीखालच्या जमिनीचाही कागद नसतो, त्याच्याकडून जेव्हा राजी असल्याचा कागद मागितला जातो, तेव्हा आपण आता काय गमावणार, हीच शंका त्याच्या मनात प्रथम येते, आणि ती अनाठायी असते असे अनुभव सांगत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वतीने चाललेल्या पाहणीत कारकुनी मदतनीस म्हणून मी पेणहून रोह्याकडे जाताना नागोठण्याच्या अलीकडे आत असलेल्या एका कातकरी वाडीवर गेलो होतो. भाद्रपद सरत आला होता, भाते पोटरीला आली होती, आणि वाडीतले निम्मे लोक घरी सापडावेत असा तो हंगाम होता. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या स्मरणशक्तीची तपासणी करावयाची होती. मुलासमोर आकडे उच्चारावयाचे, त्याने ते उलट क्रमाने म्हणावयाचे, असा तो प्रकार. त्याआधी वडीलधाऱ्याची संमती. आमच्या प्रमुखांनी छापील कागद खणखणीत आवाजात वाचून दाखविला. त्यात ‘सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून’ असे एक वाक्य होते, आणि शाळेत जाणाऱ्या एका पोराने ऐच्छिक म्हणजे जो विषय नाही घेतला तरी चालतो तो, असा त्याचा अर्थ आजोबांना समजावून दिला. हा अर्थ आमच्या कागदापेक्षा पुष्कळच सरस होता, पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली, शाईच्या गादीवर अंगठा दाबला, कागदावर उमटविला, उरलेली शाई केसांना पुसली आणि शांतपणे विचारले, “मंग साहेब, आवंदा भट्टी कुठली?”

आम्ही हसलो. प्रमुखही हसले. त्या हसण्याची लाज मला पुढे फार दिवसांनी वाटली. या टापूतील कातकऱ्याच्या आयुष्यात अंगठा मागण्याचे प्रसंग ते किती? पावसाळ्यात घरातले धान्य संपते, हाताला काम नसते, तेव्हा वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या भट्टीच्या मालकाचा माणूस वाडीवर येतो, ‘उचल’ देतो, अंगठा घेतो. दिवाळी झाली की बिऱ्हाड, कोंबड्या आणि पोरे घेऊन कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते, आणि पावसाच्या तोंडाशी परत येते ते बहुधा हिशेबात काही देणे शिल्लक ठेवूनच. अंगठा दिला म्हणजे कुठे तरी जावे लागते, हे त्या म्हाताऱ्याचे ज्ञान अनुभवसिद्ध होते. आमचा कागद त्याला समजला नव्हता असे नाही. त्याने तो आपल्या हयातीच्या कोशात पाहून समजून घेतला होता. अक्कलहुशारी त्याच्याजवळ होती. नव्हती ती आमच्याजवळ.

आता न्यू हेवनमधील येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे वळू. कारण नकार देणे माणसाला किती जड जाते याचा पुरावा मानसशास्त्राने तेथे स्वतःच गोळा करून ठेवला आहे. १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, स्मरणशक्तीच्या अभ्यासाकरिता म्हणून, साडेचार डॉलर मोबदल्यावर माणसे बोलाविली. आलेल्याला शिक्षकाचे काम मिळे. पलीकडच्या खोलीत बसलेला विद्यार्थी उत्तर चुकला की त्याने विजेचा धक्का द्यावयाचा, १५ व्होल्टपासून चढत चढत ४५० पर्यंत. विद्यार्थी हा खरे पाहता मिलग्रॅम यांचाच माणूस होता आणि धक्का कोणालाच बसत नव्हता; परंतु शिक्षकाला ते ठाऊक नव्हते. तो घाम पुशी, ओठ चावी, चमत्कारिक हसे, थांबावे काय असे विचारी, आणि राखाडी डगला घातलेला प्रयोगकर्ता त्याला थंडपणे सांगे की प्रयोगासाठी पुढे जाणे आवश्यक आहे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधाप्रमाणे ४० पैकी २६ जण अखेरच्या कळीपर्यंत गेले.

या प्रयोगातून आज्ञाधारकपणाविषयी जो बोध घेतला गेला तो सर्वश्रुत आहे. मला त्यातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या सर्वांना पैसे दारातच देण्यात आले होते आणि पुढे काहीही झाले तरी ते तुमचेच, असे सांगण्यातही आले होते. उठून निघून जाण्यास त्यांना कसलीच आडकाठी नव्हती, आणि तरी त्यांतील बहुतेकांना उठता आले नाही. म्हणजे डगला घातलेल्या सुशिक्षित माणसापुढे ‘नाही’ म्हणण्याची ताकद, अमेरिकेसारख्या देशातील पोटापाण्याने सुखी अशा प्रौढ पुरुषांतही, इतकी तोकडी असते असे ज्या शास्त्राने सिद्ध केले, त्याच शास्त्राने कागदावरच्या ‘होय’ला निर्णायक पुरावा मानावे, हा विसंवाद केवढा! मिलग्रॅम यांचे माप नागोठण्याच्या वाडीला लावले तर म्हाताऱ्याच्या अंगठ्याची किंमत काय उरते ते वाचकांनीच ठरवावे.

डायना बॉमरिंड या विदुषीने १९६४ मध्येच मिलग्रॅम यांच्यावर टीका केली, की ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून प्रयोगशाळेत पाऊल ठेवले त्यांना तुम्ही मानसिक क्लेशात लोटले, आणि नंतर चार शब्द सांगून ते क्लेश धुऊन निघाले असे कशावरून समजता? मिलग्रॅम यांचे उत्तर असे, की प्रयोगानंतर सर्वांना खरा प्रकार सांगितला होता आणि बहुतेकांनी भाग घेतल्याबद्दल समाधानच दर्शविले होते. हा वाद अजून मिटलेला नाही; पण त्यातून एक रिवाज दृढ झाला. प्रयोगाच्या गरजेपोटी काही लपवावेच लागले तर ते का लपविले हे प्रयोग संपताच उलगडून सांगावयाचे, आणि ते ऐकून कोणी आपली माहिती परत मागितली तर ती मुकाट्याने परत करावयाची. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९७३ मध्ये मानवी सहभागाच्या संशोधनासाठी स्वतंत्र नीतितत्त्वेच प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील प्रकरण उघडकीस आले होते: उपदंशाने पीडलेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, रोगाची वाटचाल पाहावी म्हणून, १९३२ पासून उपचारावाचून ठेवण्यात आले होते, आणि मध्यंतरी पेनिसिलीन आले तरी ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नव्हते.

आपल्याकडे न विचारता माणसे पारखण्याची परंपरा जुनी आहे. कुलाबा आणि जंजिऱ्याचा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर १८८३ साली छापला गेला. त्या मालिकेतील ग्रंथ अखंड परिश्रमाचे नमुने आहेत हे मान्य करूनही, एकेका जातीजमातीच्या स्वभावाचा निकाल दोनचार विशेषणांत लावण्याची त्यांची रीत आज अंगावर येते. १९३४ मध्ये वेलिंग यांनी कातकऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा निदान त्या जमातीला स्वतःचे पुस्तक मिळाले. वाचणारे मात्र तिच्यातले कोणी नव्हते. इरावती कर्वे यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बर्लिनच्या ज्या मानववंशशास्त्र संस्थेत त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमतोलावर प्रबंध लिहिला, त्या संस्थेत वसाहतींतून आणलेल्या मृतांच्या कवट्या रचून ठेवलेल्या होत्या. कवटीचा असमतोल वंशानुसार बदलतो हा गुरूंचा अंदाज मोजमापांत टिकला नाही, आणि इरावतीबाईंनी तसे लिहिण्याचे धैर्य दाखविले. परंतु त्या कवट्यांना कोणी विचारले होते? जिवंत माणसाला निदान नाराजीने मान फिरविता येते.

नियम म्हणाल तर आता आपल्याकडेही उणे नाहीत. २००० साली मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शिका तयार झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण जाहीर केले, २००० आणि २००६ मध्ये ते वाढविले आणि २०१७ मध्ये जी विस्तृत तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत सामाजिक व वर्तनविषयक संशोधनालाही जागा दिली. त्याप्रमाणे कोणतेही संशोधन सुरू होण्यापूर्वी नैतिक समितीपुढे रुजू व्हावयाचे. समितीत सात ते पंधरा सभासद, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि शास्त्रज्ञांबरोबर एखादा कायदेपंडित व एखादा साधा नागरिकही. निरक्षराचा अंगठा घेताना त्या संशोधनाशी लागाबांधा नसलेला साक्षर साक्षीदार हजर हवा. बुडालेली मजुरी भरून द्यावी, पण मोबदला इतका नसावा की त्याच्या मोहाने माणूस धोका पत्करील. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबाबत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ९९ वे कलमच आहे: नुसती मुलाखत घ्यावयाची असली तरी मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी.

यांतले एक कलम आमच्या टापूत फार मोडले जाते. वाडीत शिरणारा बाहेरचा मनुष्य प्रथम नाईकाला गाठतो, तो ‘या’ म्हणाला की सारी वाडी राजी झाली असे धरून चालतो. समाजाच्या प्रमुखाची परवानगी घेणे हा शिष्टाचार आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण ती प्रत्येकाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे परिषदेची तत्त्वे स्पष्ट बजावतात. पेणच्या शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकविण्याची गरज नाही. २००८ च्या सप्टेंबरात, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी देण्यास लोक राजी आहेत की नाहीत हे पाहण्याकरिता, पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारने खातेदारांचे मत आजमाविले. सरपंचाचे मत घेऊन काम भागविले असते तर कोणाचा एक दिवसही मोडला नसता. पण जमीन ज्याची त्याची होती, म्हणून ‘नाही’ म्हणावयाची पाळीही ज्याची त्याची आली. मनाची गोष्ट जमिनीहून कमी खाजगी आहे काय?

मुलांचा प्रश्न आणखी नाजूक. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी आजही वापरात असलेली कामत चाचणी, वि. वि. कामत यांनी धारवाडला १९३० नंतरच्या दशकात बिने यांच्या मापनश्रेणीवरून कानडी आणि मराठी मुलांसाठी घडविली. ते काम त्या काळी मोठ्या तोलाचे होते, आणि परक्या मुलांच्या मापाने आपली मुले मोजू नयेत ही त्यामागची भूमिका आजही योग्यच वाटते. पण धारवाडच्या मुलांवर बसविलेले माप सुधागडच्या आश्रमशाळेतील कातकरी मुलाला, ज्याची घरची बोली मराठीहून निराळी पडते आणि ज्याचे अर्धे वर्ष भट्टीवर जाते, त्याला लावून आलेला आकडा शाळेच्या दप्तरात कायमचा चिकटला, तर तो पुसणार कोण? २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे पालकाची संमती पुरत नाही. सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही हवा, आणि बारा वर्षांवरील मुलाचा तर लेखी. सात वर्षांचे पोर मास्तरांसमोर ‘मला नाही बसायचे’ म्हणेल, ही अपेक्षा करणाऱ्यांनी मास्तर पाहिलेले नसावेत. पोर कंटाळले, पाय हलवू लागले, खिडकीबाहेर पाहू लागले, की तोच त्याचा नकार समजून वही मिटावी.

नावे गुप्त ठेवण्याचा नियम शहरात सोपा आणि खेड्यात बिकट. समजा, एखाद्या अभ्यासकाने पेणच्या गणपतीच्या कारखान्यातील कारागिरांच्या एकाग्रतेचा अभ्यास केला आणि अहवालात नाव न देता एवढेच लिहिले, की हमरापूरकडील एक प्रौढ कारागीर, जो फक्त डोळ्यांची आखणी करतो, त्याने हात कापू लागल्याची आणि त्यामुळे झोप उडाल्याची कबुली दिली. संशोधकाच्या मते गुप्तता पाळली गेली. परंतु आखणी करणारे हात त्या पंचक्रोशीत मोजके; कोणत्या मूर्तीचे डोळे कोणी लिहिले हे पाहताक्षणी ओळखणारी माणसे तेथे आहेत. गणपती उठावयाच्या आत ती बातमी साऱ्या कारखान्यांतून फिरेल, आणि पुढच्या मोसमात त्या कारागिराला बोलावणे येणार नाही. एवढ्यासाठी जाणते संशोधक गाव बदलतात, वय बदलतात, हुन्नरही बदलून लिहितात. आणि तेवढ्यानेही भागत नसेल तर ती नोंद गाळून टाकतात, मग निबंध लंगडा पडला तरी बेहत्तर.

संकटग्रस्तांपुढे प्रश्नावली घेऊन जाणाऱ्यांविषयी मात्र मला अधिक बोलवत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. अशा प्रसंगानंतर मनावर काय परिणाम होतो हे जाणणे उपयुक्त आहे, नाही कोण म्हणेल? पण छावणीतील बाईला तीच रात्र पुन्हा सांगावयास लावणारा मनुष्य जाताना तिच्या हाती काय ठेवून जातो, निदान उपचार करणाऱ्याचा पत्ता तरी ठेवतो काय, हे समितीने कागद मंजूर करण्याआधी विचारले पाहिजे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ मध्ये डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे कातकऱ्यांच्या जमिनीच्या हक्कावरील जे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते मानसशास्त्राचे नव्हे. परंतु राहत्या वाडीखालची जमीन कोणाची, या कातकऱ्यांच्या स्वतःच्या प्रश्नाभोवती ते संशोधन गुंफलेले होते, आणि उत्तर शोधण्याच्या कामात वाडीची माणसे नुसती उत्तरे देणारी नव्हती. आमच्या पाहणीत वाडीला स्मरणशक्तीविषयी काही जाणून घ्यावयाचे होते काय, हे आम्ही विचारलेच नव्हते. त्यांना काय विचारावयाचे होते ते म्हाताऱ्याने एका वाक्यात विचारून टाकले होते.

त्या दिवशी वाडीवरून परतताना नागोठण्याच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत आमच्यात पुष्कळ वाद झाला. प्रमुखांचे म्हणणे, कागदपत्र नियमाप्रमाणे पूर्ण आहेत. अखेर त्यांनीच, काहीशा नाइलाजाने, कोरा कागद घेऊन मजकूर नव्याने लिहविला. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा शाईची गादी बरोबर नेली नाही. प्रत्येक घरी प्रथम एवढेच सांगितले, की हा कागद उचलीचा नाही, कुठे जावे लागणार नाही, पैसे फेडावे लागणार नाहीत, आणि नाही म्हणालात तरी पोराचे नाव शाळेतून जाणार नाही, मग थांबलो. म्हाताऱ्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले, तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि म्हणाला, “मंग नको साहेब. पोरगं आज खेकडं पकडाया जायाचं हाय.”

त्या दिवशी वाडीतील पाच घरांनी नकार दिला. तक्त्यात नकारासाठी रकानाच नव्हता. तो मी पट्टीने रेघ मारून आखला.